फेडोरा हॅटची कुळकथा

पुरुषांच्या हॅटला स्त्रीचें नांव असावें, आणि ती स्त्रीहि प्रत्यक्षांतली नसून नाटकांतली असावी, ही गोष्ट नवलाची खरी. व्हिक्तोरियँ सार्दू या फ्रेंच नाटककारानें सारा बर्नहार्ट या नटीसाठीं लिहिलेलें ‘फेडोरा’ हें नाटक १८८२ च्या डिसेंबरांत पॅरिसच्या रंगभूमीवर आलें. त्याची नायिका फेडोरा ही एक रशियन प्रिन्सेस. पुढच्याच वर्षीं तें नाटक न्यूयॉर्कमध्यें झालें, आणि थोड्याच अवधींत अमेरिकन व्यापारी एका मऊ हॅटला तें नांव देऊन ती खपवूं लागले. प्रारंभीं स्त्रियाहि ती हौसेनें वापरीत.

तत्पूर्वीच्या प्रतिष्ठित हॅटी कडक असत. आपल्याकडे जसें पगडीच्या घाटावरून माणसाची जात व पेशा ओळखूं येई, तशीच व्यवस्था लंडनमध्येंहि होती. रेशमी उंच हॅट संभावितांची, कापडी टोपी मजुराची, आणि मधल्या कारकून-दुकानदारांची बोलर. ही बोलर १८४९ मध्यें प्रथम बनली ती मात्र शिकारीच्या रानांतील रखवालदारांसाठीं. फांद्यांच्या तडाख्यापासून डोकें वांचावें म्हणून ती लाखेनें कडक करीत. अशी हॅट दुकानांतून जशी येई तशीच डोक्यावर बसे. फेडोराचें तसें नव्हतें. तिच्या माथ्यावर लांबट खळगी, समोर दोन्ही बाजूंस बोटांनीं चिमटा घेतल्यासारखे दाब, तळाशीं रेशमी फीत, आणि कांठ असा कीं, पुढें डोळ्यांवर उतरवावा व मागें वर मुडपावा. खळगी किती खोल आणि कांठ किती तिरका, हें धन्यानेंच ठरवावयाचें! विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत इंग्लंडच्या युवराजानें, म्हणजे पुढें आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रानें, मऊ हॅट उघडपणें वापरली आणि तिला प्रतिष्ठा आली. मग बँकवाला, बातमीदार, गुप्त पोलीस आणि दरोडेखोर या सर्वांच्या डोक्यांवर एकच हॅट दिसूं लागली. १९४२ च्या ‘कासाब्लांका’ बोलपटांतील हम्फ्रे बोगार्टची हॅट याच कुळांतली.

परंतु हा मऊपणा येई कोठून? उत्तम हॅट लोकरीची नसे. सशाच्या किंवा बीव्हर या पाणप्राण्याच्या अंगावरील बारीक लवेची असे. ही लव गुळगुळीत असल्यामुळें एकमेकींत गुंतत नाहीं. म्हणून कातड्यावर पाऱ्याच्या क्षाराचें पाणी फिरवीत. त्यानें लव खरखरीत होई, मग वाफ व गरम पाणी देऊन तिचा दाट नमदा बनवीत आणि लांकडी सांच्यावर चढवीत. त्या वाफेबरोबर पारा कामगारांच्या फुप्फुसांत जाई. त्यांचे हात कांपत, दांत हलत, स्वभाव भित्रा व चिडखोर होई. अमेरिकेंतील डॅनबरी हें गांव हॅटींसाठीं इतकें प्रसिद्ध कीं, या कंपवातालाहि त्या गांवाचेंच नांव पडलें. लुई कॅरोलच्या १८६५ च्या पुस्तकांतील वेडा टोपीवाला मुलांना हंसवीत आला आहे. डॅनबरीच्या घरांतून त्या वेडाचें हंसूं खासच येत नसेल.

आणि हें कोणास ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. न्यू जर्सींतील फ्रीमन नांवाच्या डॉक्टरानें १८६० मध्येंच टोपीवाल्यांच्या या रोगाचें वर्णन छापलें होतें. तथापि अमेरिकेंत या धंद्यांतून पारा हद्दपार झाला तो १९४१ च्या डिसेंबरांत, एक्याऐशीं वर्षांनीं. तोंपर्यंत युद्धसामग्रीसाठीं पाऱ्याची निकड भासूं लागली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दयेचें फार कौतुक वाटेनासें होतें. पाऱ्यावांचून हॅट बनत नाहीं, असें कारखानदार म्हणत. ती पुढें पाऱ्यावांचूनच बनूं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॅट घालण्याची रीतच ओसरली. तिचा दोष अध्यक्ष केनेडींच्या उघड्या डोक्यावर लादण्यांत येतो. पण १९६१ च्या शपथविधीला ते रेशमी उंच हॅट घेऊनच आले होते. बुटक्या छपराच्या मोटारींनीं तिला अधिक अडचणींत आणलें. डॅनबरीचे कारखाने एकेक करून बंद पडले. तेथील स्टिल नदीच्या गाळांत मात्र त्या हॅटींचा पारा अद्याप सांपडतो.