काळ्या मखमलीवरचा करार

जानेवारी १९३७. न्यूयॉर्कच्या एकोणचाळिसाव्या रस्त्यावर, मॅक्सीन एलियट थिएटरच्या दारात तुम्ही रांगेत उभे आहात. मंदीने शहर पिचलंय, पण इथलं तिकीट सेंटांत आहे. नाटक सरकारी आहे. बेकार नटांना पगारावर घेऊन फेडरल थिएटरने मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ उभं केलंय. नाटककाराला जाऊन साडेतीनशेच्या आसपास वर्षं झाली. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स एकवीस वर्षांचा आहे. फॉस्टसही तोच करतोय आणि रेडिओवर कमावलेला पैसा याच नाटकात ओततोय.

आत या, जमलं तर पुढची खुर्ची धरा. रंगमंच कमानीबाहेर येऊन थेट प्रेक्षकांत घुसलाय. रंगवलेला देखावा नाही, नुसती काळी मखमल. एब फेडरने वरून सोडलेला झोत फळ्यांवर पडतो. त्या गोलात आहे तेवढंच जग. झोत विझला की माणूस गेला. पोपच्या मेजवानीत पदार्थ हवेत उडू लागतात. ते काळ्या कपड्यांतली माणसं नाचवतायत, पण कितीही डोळे ताणा, ती दिसायची नाहीत. सात महापापं येतात ती बिल बेअर्डच्या बाहुल्या होऊन. मध्यंतर नाही, त्यामुळे श्वास घ्यायलाही उसंत नाही.

मग मेफिस्टोफिलिस येतो. जॅक कार्टर. गेल्या वर्षी हार्लेममध्ये वेल्सच्याच दिग्दर्शनात याने मॅकबेथ केला होता. याच देशाच्या दक्षिणेत काळ्या माणसाला वेगळ्या दाराने नाटकाला जावं लागतं. इथे तो गोऱ्या नायकासमोर, तितकाच उंच, एकाच उजेडात उभा आहे. आणि नीट ऐका: हा सैतान गिऱ्हाईक पटवत नाही, परतवू पाहतो. स्वर्ग गमावल्याचं दुःख तो स्वतः सांगतो, हा नाद सोड म्हणतो. फॉस्टस त्यालाच धीर धरायला शिकवतो! चोवीस वर्षांच्या सत्तेसाठी आत्मा लिहून द्यायला निघालेल्या विद्वानाला समोरच्याची वेदना दिसत नाही. माझ्या मते सगळं नाटक या काही वाक्यांत आहे. उडत्या ताटांचं कौतुक जरूर करा, पण नजर कार्टरवरून हलू देऊ नका.

नाटक मे महिन्यापर्यंत चालेल. ३० जून १९३९ ला अमेरिकी काँग्रेस पैसा बंद करील आणि फेडरल थिएटर संपेल. सरकारी पैशातून धाडसी नाटक होत नाही, असं पुढे कुणी तुम्हाला ऐकवलं, तर त्याला या प्रयोगाबद्दल सांगा.