पिसांचे चितारी

जुन्या कापडांच्या जतनाचं काम करणाऱ्यांना उजेडाची धास्ती असते. कुसुंबी पागोटं किंवा हळदीत रंगवलेला शेला प्रदर्शनात मांडायचा, तर दिवा 50 लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा आमचा दंडक. तरी रंग विटतोच. म्हणूनच रंगद्रव्याविना चमकणाऱ्या पिसांतून चित्रं घडवणाऱ्या मेक्सिकोच्या अमान्तेकांची, म्हणजे अ‍ॅझ्टेक काळातल्या पीसकारागिरांची, मला फार ओढ वाटते.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिथल्या नाहुआ लोकांना विचारून विचारून पीसकामाची रीत लिहून ठेवली. ती वाचताना माझे हात शिवशिवतात. घायपाताच्या पानावर डिंक फासायचा, त्यावर कापसाचा पातळ थर ताणून बसवायचा, पुन्हा डिंक. वाळला की पापुद्रा अलगद सोलायचा, नक्षीवर ठेवायचा आणि रेघा उतरवून घ्यायच्या. डिंक ऑर्किडच्या कंदांचा. तो तयार करणं पोरांकडे. मग हाडाच्या पट्टीने पिसं बसवायची. खाली स्वस्तातली, रंगवलेली. वर हमिंगबर्ड आणि कोटिंगाची मोलाची. वरच्या पिसाला साजेल असाच खालचा रंग निवडायचे.

सगळ्यांत मान केत्साल पक्ष्याच्या पिसांना. नराच्या शेपटीवरची ही पिसं तीन फुटांपर्यंत वाढतात. ती चियापास, ग्वाटेमालाच्या डोंगरी जंगलांतून यायची. वेरापास भागात हा पक्षी मारणाऱ्याला देहान्त शिक्षा होती, पिसं काढून त्याला सोडून देत, असं बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने नोंदवलं आहे.

या हिरव्या पिसात हिरवं रंगद्रव्य मात्र नसतं. त्याच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या कणांचे थर असतात. आपले केस काळे करतं तेच हे मेलॅनिन. थरांमधलं अंतर मिलिमीटरच्या पाच-सहा हजाराव्या भागाएवढं. तिथून परतणारे हिरवे किरण एकमेकांना बळ देतात, बाकीचा बराचसा उजेड मेलॅनिन गिळतं. बघणारा जरा सरकला की किरणांची वाट बदलते आणि हिरव्यात सोनेरी किंवा निळी झाक उठते. मोरपिसाचंही असंच. ते खलात कुटलं तर निळी पूड मिळत नाही. रचना मोडते, तपकिरी चुरा उरतो. लंडनच्या रॉबर्ट हूकने 1665 मध्ये मोरपीस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, ओलं केलं, आणि रंग गेल्याचं लिहिलं. अमान्तेकांनी हा चकाकता रंग त्याआधीच चित्रांत खेळवला होता.

स्पॅनिश सत्ता आल्यावर त्यांचे देव गेले, कसब राहिलं. 1539 मध्ये पेद्रो दे गान्ते या फ्रान्सिस्कन धर्मबंधूच्या देखरेखीखाली त्यांनी पोप तिसऱ्या पॉलसाठी ‘संत ग्रेगरीची मिसा’ हे चित्र पिसांत घडवलं, भोवतीच्या लॅटिन अक्षरांसकट. अमेरिकेतली मूळची माणसं विचारशक्ती असलेली आहेत, त्यांना गुलाम करू नका, असं याच पोपने दोनच वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं. मला ते चित्र त्या जाहीरनाम्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटतं. आज ते फ्रान्समधल्या ऑश गावी आहे.

अमान्तेकांची बहुतेक कामं नष्ट झाली. पीस केराटिनचं, आणि कसरीला तेच हवं असतं. व्हिएन्नाच्या वेल्टम्युझियममधला केत्सालच्या पिसांचा मोठा मुकुट मेक्सिको परत मागतो आहे. प्रवासातल्या हादऱ्यांनी पिसं मोडतील, असं तज्ज्ञ सांगतात. जतनाचं काम करणारी म्हणून ही भीती मला पटते. पण तो मेक्सिकोतच असायला हवा, आणि हादरे झेलणारी पेटी घडवण्यासाठी लागेल तेवढा पैसा दोन्ही देशांनी घालावा.