तीन वाजून त्रेपन्न मिनिटे

जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ साली उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजता संपत होती. अर्जुन खोतकर यांचे अर्ज ३ वाजून ५३ मिनिटांनी सादर झाले, असा आक्षेप निवडणुकीनंतर घेण्यात आला. खोतकरांना ४५,०७८ आणि कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते होती. फरक अवघा २९६ मतांचा, त्यामुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि बाहेरही व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे साक्षीदार होता. पण कॅमेऱ्याला पिंजऱ्यात उभे करून शपथ कशी देणार?

आपला पुरावा कायदा १८७२ सालचा. तो कागदाचा विचार करून लिहिलेला होता. मूळ दस्त तो अस्सल, आणि नक्कल दुय्यम. संगणकाच्या जगात हा भेद डळमळतो, कारण तबकडीवरची प्रत मुळाशी शून्य-एकच्या पातळीवर तंतोतंत जुळते. शिवाय खाडाखोड केली तर शाईचा डाग राहतो, तसा इथे राहत नाही. म्हणून २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातले गेले. प्रत ज्या यंत्रातून निघाली त्या यंत्राची जबाबदारी असणाऱ्या व्यक्तीने प्रमाणपत्र द्यावे, अशी त्यात अट होती. गंमत अशी, की ही योजना ब्रिटनच्या १९६८च्या कायद्यावरून घेतलेली होती आणि खुद्द ब्रिटनने ती १९९५ सालीच मोडीत काढली होती!

जालन्याच्या प्रकरणात नेमके हेच प्रमाणपत्र मिळेना. चित्रणाच्या व्हीसीडी आल्या, पण अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र आले नाही. अखेर अधिकाऱ्यांनी न्यायालयात दिलेली साक्ष म्हणजेच कलमाची पुरेशी पूर्तता, असे खंडपीठाने मानले आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात मूळ प्रश्न मोठा झाला. त्याच न्यायालयाने २०१४ साली प्रमाणपत्र अनिवार्य म्हटले होते, तर २०१८ साली ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याला सूट दिली होती. १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांनी हा घोळ मिटवला. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून दाखवले तर प्रमाणपत्र नको. प्रतीसाठी मात्र ते हवेच. पण ज्याने शक्य ते सारे प्रयत्न केले आणि तरी ते दुसऱ्याने दिले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्याची मागणी करत नाही. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. मात्र त्या विधानसभेची मुदत तोवर संपून गेली होती, हेही खरेच.

शिक्षकांनी या निकालातला दुसरा, कमी गाजलेला भाग पाहावा. दूरध्वनी कंपन्या संभाषणांच्या नोंदी ठराविक काळानंतर नष्ट करू शकत. पुरावा कोर्टात पोचेपर्यंत तोच नाहीसा झाला तर? म्हणून तपासात लागलेल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवाव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला, आणि साठवण व हस्तांतराची साखळी यांसाठी नियम करण्याची सूचनाही केली.

पुढे १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण पोलिसांना बंधनकारक झाले. त्यासाठी काढलेल्या ‘ई-साक्ष्य’ या व्यवस्थेत मोबाइलवरचे चित्रण जागा व वेळेच्या नोंदीसह सरकारी ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या संगणकांवर, जाऊन साठते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्रात आता ‘हॅश’ नावाची संख्याही लिहावी लागते.

हॅश वर्गात समजावता येतो. ४५०७८ घ्या. नुसती अंकांची बेरीज २४. शेवटचे दोन अंक उलटे केले, ४५०८७, तरी २४च. फेरफार लपला! आता पहिल्या अंकाला १ने, दुसऱ्याला २ने, असे गुणून बेरीज करा: पहिल्या संख्येची ८२ येते, दुसरीची ८१. फेरफार पकडला गेला. अर्थात ८२ बेरीज देणाऱ्या इतर संख्या मुलांना सहज सापडतील; त्या शोधायला लावाव्यात. खरा हॅश, उदाहरणार्थ शा-२५६, असा रचलेला असतो की संपूर्ण चित्रणाची मिळून २५६ बिटांची एकच संख्या बनते आणि तीच संख्या देणारे दुसरे चित्रण शोधणे व्यवहारात अशक्य ठरते.

सगळेच हॅश इतके पक्के नसतात. एमडी-५ या पद्धतीत एकच हॅश असणाऱ्या दोन निराळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ साली दाखवले गेले. शा-१ची तीच गत २०१७ साली झाली. तरीही २०२३च्या अधिनियमाला जोडलेल्या नमुन्यात शा-१, शा-२५६ आणि एमडी-५ अशा तिन्ही चौकटी शेजारी शेजारी छापलेल्या आहेत. यातली कोणती चौकट भरायची, हे प्रमाणपत्र भरणाऱ्यावर सोडलेले आहे. आणि हॅश काढण्यापूर्वीच कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर ते कोणत्याही चौकटीतून कळणार नाही. त्यासाठी ते घड्याळ लावणाऱ्या माणसालाच न्यायालयात बोलवावे लागेल.