पंचवटीचा राक्षस पाइप कधी ओढायला लागला?

आवाज नीट येतोय ना? मागच्या एपिसोडला बॅकग्राउंडला कुकरच्या शिट्ट्या होत्या, आज आईला आधीच सांगून ठेवलंय.

आजचा विषय माझ्या रविवारचा आहे. आम्ही पाच जण कॉलेज रोडच्या एका फ्लॅटवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि काय घडणार हे फासे ठरवतात. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला नियमांचं पुस्तक दिसलं की हात शिवशिवतात.

तर १९७७ चं मॉन्स्टर मॅन्युअल चाळत होतो. या खेळातल्या राक्षसांचा हा पहिला मोठा कोश. त्यात 'आर' अक्षराखाली चक्क आपला राक्षस! वाघाचं डोकं, अंगात साहेबी कोट, हातात पाइप, ऐटीत बसलेला. माहिती अशी की हे मूळचे भारतातले, माणसाचं मांस आवडतं, समोरच्याला ज्याच्यावर भरवसा वाटेल त्याचं रूप घेतात. आणि मरतात कसे? मंत्रून पवित्र केलेल्या क्रॉसबोच्या बाणाने.

मी पंचवटीत वाढलेला माणूस. आमच्या गावाचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आजी सांगायची. (नऊ शिखरांवरून पडलं असंही म्हणतात, पण नाकाची गोष्ट जास्त चालते.) खर, दूषण आणि त्यांचे चौदा हजार राक्षस रामायणात इथलेच, जनस्थानातले. कुसुमाग्रज प्रतिष्ठान जो जनस्थान पुरस्कार देतं, त्यातलं जनस्थान तेच. म्हणजे आमच्याकडे साहित्याचा मोठा सन्मान राक्षसांच्या छावणीच्या नावाने दिला जातो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण वाघाचं डोकं आणि क्रॉसबो? हे कुठून आलं?

शोधत गेलो तर मुळाशी टीव्ही निघाला. कोल्चॅक नावाची एक अमेरिकन मालिका होती. तिच्या १९७४ च्या डिसेंबरमधल्या एका भागात शिकागोत राक्षस येतो आणि विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन म्हाताऱ्यांना खातो. एक वृद्ध हिंदू गृहस्थ त्याच्यापासून रक्षणासाठी भिंतींवर स्वस्तिक काढतो, आणि वस्ती ज्यूंची, त्यामुळे लोकांना वाटतं नाझी आलेत. मंतरलेला क्रॉसबोचा बाण तिथलाच. मालिकेतला राक्षस केसाळ होता, वाघाचं डोकं चित्रकाराने दिलं. म्हणजे वाल्मीकी नाही, एकनाथांचं भावार्थ रामायण नाही, एका रात्रीचा टीव्ही एपिसोड. आणि आज जगभरच्या पोरांना राक्षस म्हटलं की तो वाघच दिसतो.

यात मला फार राग नाही आला, खरं सांगतो. थोडं हसूच आलं. १९८० च्या दुसऱ्या एका पुस्तकात इंद्र, विष्णू, कालीला हिट पॉइंट दिलेत, म्हणजे किती वार केले की देव पडेल याचा आकडा. त्यावरही आम्ही हसलो. १९८४ मध्ये त्याच कंपनीने इंडियाना जोन्सचा खेळ काढला. टेंपल ऑफ डूम त्याच वर्षीचा: अमरीश पुरी, ठग, माकडाचा मेंदू. त्या सिनेमाला भारतात शूटिंगची परवानगी मिळाली नाही म्हणून ते श्रीलंकेत झालं. तेही चालायचंच, म्हटलं.

मग तो रविवार आला.

जुन्या नियमांनी खेळायचं ठरलं होतं. त्यात प्रत्येक प्राण्यापुढे 'अलाइनमेंट' नावाचा रकाना असतो: चांगला, वाईट की मधला. राक्षसापुढे वाईट. ऑर्क नावाच्या टोळीवाल्यांपुढेही वाईट. अख्खी जमात, जन्मतःच. मारलं की पॉइंट मिळतात. मी एक डोंगरातली टोळी रचली होती. ढोल, भाले, पाल ठोकून राहणारी माणसं. आता आठवलं की लाज वाटते, कारण ते ढोल मी पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यावर ऐकलेले होते. बाकी खेळाडू झोपलेल्या टोळीवर चालून गेले. आमच्यातल्या एकाने फासे खाली ठेवले.

"सगळेच वाईट कसे? पोरंपण?"

मी म्हटलं, "अरे, रूलबुकात लिहिलंय."

तो म्हणाला, "आमच्याबद्दलपण लिहिलं होतं."

चार वर्षांची मैत्री, आणि मला तेव्हा कळलं की त्याच्या पणजोबांना पोलीस पाटलाकडे रोज हजेरी लावावी लागायची. चोरी केली म्हणून नव्हे. जमात यादीत होती म्हणून.

ती यादी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सुताराचा पोरगा सुतार होतो तसा काही जातींचा धंदाच गुन्हा, असा साहेबाचा तर्क. आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. पारधी, कैकाडी, कितीतरी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. देश १९४७ ला सुटला, हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा, आम्ही ते दहावीत असताना वाचायला हवं होतं.

खेळ लिहिणाऱ्या अमेरिकनाने हा कायदा वाचला होता असं मी म्हणत नाही. पण रकाना तोच आहे. जमातीचं नाव, आणि पुढे स्वभाव.

आपल्याकडच्या जुन्या गोष्टींत मात्र हा रकाना भरताच येत नाही. बिभीषण कुठे लिहाल? बळीराजा असुर, आणि दिवाळीत शेतकरी त्याचंच राज्य मागतो. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर सरळ उलटा डाव टाकला: राक्षस म्हणजे रक्षक, इथले मूळचे राखणदार, जिंकणाऱ्यांनी त्यांना बदनाम केलं. व्युत्पत्ती पटो न पटो, प्रश्न बरोबर होता. ही यादी लिहिली कोणी?

आणि आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला बोहाडा असतो. रात्रभर मुखवटे नाचतात, देवांचे आणि राक्षसांचेही. अनेक गावांत एखादं सोंग एखाद्या घराण्याकडेच असतं. रावणाचा मुखवटा चढवणारा सकाळी तुमच्या शेजारच्या वावरात नांगर धरतो. मुखवट्याची पूजाही होते. लोक त्याला घाबरतात, हसतात, पाया पडतात, सगळं एकाच रात्री.

खेळ बनवणाऱ्यांनाही उशिरा का होईना जाग आली. १९८५ च्या ओरिएंटल ॲडव्हेंचर्सवर, ज्यात अख्खा पूर्व आशिया एका गाठोड्यात बांधलाय, आशियाई वंशाच्या खेळाडूंनी आवाज उठवला. २०२० मध्ये कंपनीने जुन्या पुस्तकांवर सूचना चिकटवली की यातलं काही आज योग्य मानलं जात नाही. ऑर्क जन्मतः वाईट नाहीत असंही तेव्हाच म्हटलं. २०२४ च्या नियमांत 'रेस' हा शब्दच गेला. काही जुने खेळाडू वैतागले, म्हणे खेळ पुळचट केला. माझं मत विचाराल तर पुस्तकं काढून टाकू नयेत. सूचना चिकटवून ठेवलेली बरी. १९७७ चा तो पाइपवाला मला अजून आवडतो, फक्त तो शिकागोचा आहे हे माहीत असावं.

आमच्या टेबलावर आता गोष्ट तो सांगतो. गेल्या रविवारी त्याने जनस्थानात सुरुवात केली. आम्ही बाकीचे चौघे खराच्या छावणीतले पहारेकरी, आणि नदीपलीकडे तीन परके लोक झोपडी बांधतायत. त्यांच्याशी बोलायला कोण जाणार यावर दीड तास भांडलो. शेवटी फासा माझ्यावर आला. पुढचं सत्र रविवारी चार वाजता.