खुराडं विकत घ्यायची वस्तू कधी झाली?



कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण कोंबडं झाकायचं कशाखाली? डालग्याखाली. बांबूच्या कांबट्यांचं नाहीतर निरगुडीच्या फोकांचं विणलेलं, तोंड खाली करून ठेवायचं टोपलं. त्यावरून आपल्या भाषेत क्रियापदच झालं. दिवे लागायच्या वेळेला घरातली म्हातारी ओरडायची, "अगं, कोंबड्या डाल आधी!" मोल्सवर्थच्या जुन्या कोशात खुराडंही सापडतं. म्हणजे कोंबड्यांना रात्री बंद करायची सोय आपल्याकडं जुनीच. ती दुकानातून आणायची सवय मात्र अगदी अलीकडची आहे.

आता हा विषय काढायचं कारण सांगतो. पाऊस उघडला की दहा-बारा पिल्लं आणणारे बरेच जण विचारतात, स्वस्तातला पिंजरा कुठं मिळेल? आमच्या वहिनींच्या बचत गटातही सध्या हीच चर्चा चालू आहे. एका विक्रेत्यानं दहा कोंबड्यांच्या लोखंडी पिंजऱ्याचे नऊ हजार सांगितलेत. गटात बारा बायका. प्रत्येकीला एक पिंजरा, तोही कर्ज काढून. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्या सासूबाईंनी जन्मभर कोंबड्या पाळल्या, त्यांनी कुठं पिंजरा विकत आणला होता?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून जरा मागं जाऊन बघितलं.

कोंबडी मुळात झाडावर झोपणारा पक्षी. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं तिचं मूळ नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या पट्ट्यातल्या रानकोंबड्यांत दाखवलं. त्यानंतर २०२२ मध्ये थायलंडमधल्या बान नॉन वाट इथल्या हाडांवरून संशोधकांनी मांडलं, की साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास भातशेतीच्या मागोमाग हा पक्षी माणसाजवळ आला. खळ्यावरचे दाणे टिपायला आला आणि राहिला. त्याला पकडून कुणी पिंजऱ्यात घातलं, असं दिसत नाही.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. आमच्या पाटण खोऱ्यात पहाटे रानात आरवतो तो राखी रानकोंबडा. कोंबडीच्या पिवळ्या पायांचं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ मध्ये सिद्ध झालं. पिवळ्या पायांची कोंबडी चिकनच्या दुकानात रोज दिसते, पण हे पाय कोयनेच्या जंगलातल्या पाहुण्याच्या नात्यातले आहेत हे कुणाला ठाऊक नसतं.

बसल्यावर पाय दुमडला की कोंबडीच्या नख्या फांदीभोवती आपोआप आवळल्या जातात, म्हणून झोपेत ती पडत नाही. आजही गावरान कोंबडी संधी मिळाली की आंब्यावर नाहीतर गोठ्याच्या आढ्यावर चढते. तेव्हा तिला घर लागतं ते ऊन-पावसापुरतं आणि मुंगूस, रानमांजर, कुत्रा, धामण यांच्यापासून वाचण्यापुरतं. जुन्या माणसांनी एवढंच ओळखून सोय केली. ओट्याच्या पोटात एक कोनाडा ठेवायचा, त्याला फळी किंवा सपाट दगड लावायचा, झालं खुराडं. ते नसेल तर सोप्यात डालगं. वर पाटा नाहीतर दगड, नाहीतर मांजर ते उलथवतं. डालगी बुरूड आणि कैकाडी समाजाची माणसं विणायची. बदल्यात धान्य घ्यायची, कधी कोंबडीही.

आणि एक गोष्ट कागदावर फारशी आली नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. कोंबड्या बाईच्या असायच्या. बैल, जमीन, ऊस हे गड्याच्या हिशेबात. अंडी आणि कोंबडा विकून आलेले पैसे लुगड्याच्या गाठीला. ज्या धंद्याला भांडवलच लागत नव्हतं, त्याला गड्याची परवानगीही लागत नव्हती. नऊ हजारांचा पिंजरा आला की सही लागते, हप्ता लागतो, आणि मग हिशेब कुणाच्या हातात जातो ते सांगायला नको.

बाहेरच्या देशांतही घरगुती कोंबडीला सरकारनं हाक मारली ती अडचणीच्या वेळी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्यानं लोकांना परसात कोंबड्या पाळायला सांगितलं. घरातल्या माणशी दोन कोंबड्या ठेवा, म्हणजे घरापुरती ताजी अंडी मिळतील, असा त्यांचा प्रचार होता. घर कसलं करायचं? खोक्यांचं. त्यांच्या १९१७ च्या माहितीपत्रकात पियानो ज्यातून यायचे त्या लाकडी खोक्यांचं खुराडं करायची युक्ती दिली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जून १९४१ पासून अंडी रेशनवर गेली. ज्यांच्या घरी कोंबड्या, त्यांनी आपलं अंड्यांचं रेशन सोडायचं आणि बदल्यात कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं, अशी सोय होती. त्यात घरातलं उष्टं-खरकटं, बटाट्याच्या साली मिसळून कोंबड्या जगवल्या. खुराडी हाताला लागेल त्या लाकडाची. दोन्ही ठिकाणी सरकारला कळत होतं, की घरच महाग पडलं तर अंडं परवडणार नाही.

मग पिंजरा आला कुठून? धंद्यातून. षटकोनी छिद्रांची तारेची जाळी १८४४ साली इंग्लंडच्या नॉर्विच गावात चार्ल्स बर्नार्ड यानं कापड विणायच्या यंत्राच्या धर्तीवर काढली. पन्हाळीचा पत्रा त्याआधीचा, १८२९ चं पेटंट, लंडनच्या गोदीसाठी. या दोन वस्तूंनी मोठी शेड शक्य केली. आपल्याकडं इज्जतनगरला १९३९ मध्ये कुक्कुट संशोधन विभाग सुरू झाला, १९७० नंतर पुण्या-हैदराबादकडून संकरित पिल्लांचा धंदा वाढला, १९८२ मध्ये अंड्याचे भाव ठरवायला समन्वय समिती आली. हे सगळं हजारो पक्ष्यांच्या हिशेबानं झालं. दहा हजार कोंबड्यांना पिंजरा परवडतो, कारण तिथं एक माणूस सगळं बघतो आणि प्रत्येक कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी साठ देते. मधेच खुडूक बसते ते वेगळं. त्या शेडमधली वस्तू छोटी करून परसात विकणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं टायर विकण्यासारखं आहे.

वहिनींच्या गटापुढं हिशेब असा मांडला. दहा पिल्लांत साधारण निम्मे नर. सगळी जगली असं धरलं तर पाच माद्या, तीनशे अंडी. निम्मी घरात आणि उबवायला जातात. उरलेली दीडशे, बारा रुपयांनी अठराशे. पाच कोंबडे साडेपाचशेनं पावणेतीन हजार. वर्षाचे साडेचार हजार, दाणा न धरता. पिंजऱ्याची मुद्दल फिटायलाच दोन वर्षं, व्याज बाजूला. आणि मध्ये मानमोडीची साथ आली तर पिंजरा राहतो, कोंबड्या राहत नाहीत.

मानमोडीवरून आठवलं. या रोगाला राणीखेत हे नाव १९२० च्या दशकात कुमाऊंमधल्या राणीखेतवरून पडलं. त्याच सुमारास तो इंग्लंडच्या न्यूकॅसलला सापडला म्हणून तिकडं त्याचं नाव वेगळं. माझ्या मते खुराड्याचा खरा उपयोग इथं आहे. कोंबड्या रात्री एका जागी बंद असल्या तरच पहाटे धरून लस देता येते. झाडावर झोपणाऱ्या कोंबडीमागं शिडी घेऊन कुणी जात नाही. सातव्या दिवशी लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी, हा खर्च पिंजऱ्याच्या आधी करा.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी आमच्या खुराड्याचं माप. लांबी चार फूट, रुंदी तीन, उंची तीन. हे फक्त रात्रीपुरतं, दहा मोठ्या कोंबड्यांना पुरतं. जमिनीपासून दीड फूट वर. सांगाडा जुन्या वाशांचा, तीन बाजूंना कळकाच्या पट्ट्या किंवा फळ्या, पुढं जाळी. छपराला कौलं. पत्रा असेल तर वर पाचट किंवा गवत टाका, उन्हाळ्यात नुसता पत्रा भाजतो. आत दोन आडव्या काठ्या, एकाच उंचीवर. खालीवर लावल्या तर सगळ्या वरच्या काठीसाठी भांडतात आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते.

पैसे घालायचे ते जाळीत. बर्नार्डची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं आणि मुंगसाचं पिल्लू तिच्यातून शिरतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. आम्हाला जाळी, बिजागऱ्या आणि कडी मिळून हजार-अकराशे लागले. बाकी लाकूड गोठ्यातलंच. कडीत खिळा अडकवा, नुसती कडी रानमांजर उचकटतं.

लाकडाच्या फटींत दिवसा पिसवा लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दिवाळीला एकदा आणि शिमग्याला एकदा आतून चुना मारा, फटींत तर दोनदा. आणि खुडूक कोंबडीसाठी डालगं मात्र वेगळं ठेवाच. पाटणच्या बाजारात एक म्हातारा अजून निरगुडीची डालगी विणून आणतो, मोठं डालगं अडीचशेला. प्लास्टिकचं क्रेट त्याच्या निम्म्यात मिळतं, पण त्यात हवा खेळत नाही आणि पिल्लांचे पाय अडकतात.