जुन्या मोटारींतील वीज

मोटार पेट्रोलवर चालते. परंतु तिला जाग येते ती विजेनें. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्लस केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल फिरविण्याचे, प्रसंगीं मनगट मोडणारे, कष्ट सरूं लागले. निझाम राज्यांत १९३२ सालीं सरकारी मोटारसेवा २७ गाड्यांनिशीं सुरू झाली. लातूर तेव्हां त्याच राज्यांत होतें. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यास बनणारी फियाट रस्त्यांवर रुळली. १९७४ पासून तिचें नांव ‘पद्मिनी’ झालें.

या जुन्या गाड्यांतील दोष शोधण्याचा एक क्रम आहे. स्टार्टर दाबतांच दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा तिचीं टोकें गंजलेलीं समजावीं. दिवे तेजस्वी राहून स्टार्टर मुकाच राहिला, तर दोष त्याच्यांत वा स्विचांत असतो. बॅटरी वारंवार उतरूं लागली, तर प्रथम डायनामोचा पट्टा पाहावा. सर्वांत फसवा दोष अर्थिंगचा. वीज परतीची वाट गाडीच्या पत्र्यांतून धरते. ती गंजानें अडली कीं, चांगला दिवाही मिणमिणतो आणि निर्दोष भाग उगाच बदलले जातात.

एक मोह मात्र घातक होय. जळलेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार बसविणें म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणें. मग फ्यूजऐवजीं तारा जळतात, प्रसंगीं गाडीही. लातूर-नांदेड रस्त्यावर रात्रीं अडकलेल्या प्रवाशाला घाई असणारच. तरी फ्यूज कां जळला, हें त्यानें आधीं शोधावें. त्यांतच त्याच्या जिवाचें रक्षण आहे.