घरातला खाऊ, घरातली औषधे : कुत्र्यामांजरांची विषबाधा

पाळीव कुत्र्यामांजरांना होणारी विषबाधा पुष्कळदा घरातच होते, आणि तीही प्रेमापोटी दिलेल्या घासातून. मराठी कुटुंबांत हा धोका सणासुदीला वाढतो. शिऱ्यातील बेदाणे, चिवड्यातील लसूण, भेटीदाखल आलेले चॉकलेट हे सारे तेव्हा जनावराच्या तोंडाशी येते.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात. बाधा किती दाण्यांनी होईल, याचा भरवसा नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोडक्यात निकामी होतात. आरंभी उलट्या होतात, कुत्रा अन्न टाकतो, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. टार्टारिक आम्ल हे यामागील कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. हे आम्ल चिंचेतही विपुल असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. भेळेची चटणी म्हणूनच कुत्र्याच्या आवाक्यात ठेवू नये.

कांदा व लसूण तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. मांजरांना ही बाधा कुत्र्यांपेक्षा लवकर होते. शिजवल्याने विष जात नाही, वाळवलेल्या पुडीतही ते टिकते. लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात : हिरड्या फिकट, श्वास जलद, लघवी तांबूस. तोवर त्या आमटीभाताचा घरात सर्वांना विसर पडलेला असतो. गावाकडचे कुत्रे आमटी-भाकरीवरच वाढले, हा युक्तिवाद भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येतो. मात्र ते कुत्रे कशाने मेले, याची नोंद कोणी ठेवली नव्हती.

साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल च्युइंगगममध्ये आणि काही प्रकारच्या शेंगदाण्याच्या लोण्यातही असते. कुत्र्याच्या रक्तातील साखर ते अर्ध्या तासातही धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. पुढे यकृतही निकामी होऊ शकते.

मांजरांच्या बाबतीत सर्वांत दारुण चूक औषधांची. मांजरीच्या यकृतात पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची पुरेशी क्षमता नसते. अमेरिकेत टायलेनॉल आणि भारतात क्रोसिन या नावांनी मिळणारी ही एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी होणे आणि चेहरा व पंजे सुजणे या तिच्या खुणा होत. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. आयबुप्रोफेन तर दोघांनाही वर्ज्य. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त पिसवांचे औषधही मांजरीला लावू नये; त्याने झटके येतात.

फुलदाणीतील लिलीकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरी लिली व डे-लिली यांचे पान, पराग, इतकेच नव्हे तर फुलदाणीतले पाणीही मांजरीची मूत्रपिंडे निकामी करण्यास पुरेसे असते. अंगावर सांडलेले पराग चाटूनही बाधा होते. ‘पीस लिली’ ही नावापुरतीच लिली. तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंडांना धोका नसतो. मांजर असलेल्या घरी लिलीचा गुच्छ नेऊच नये, हे उत्तम.

संशय येताच लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय स्वतःच विषारी आहे, आणि मांजरीला घरी उलटी करवण्याचा सुरक्षित मार्गच नाही. पशुवैद्याला, किंवा अमेरिकेत ८८८-४२६-४४३५ या एएसपीसीएच्या चोवीस तास चालणाऱ्या विषबाधा केंद्राला दूरध्वनी करावा. तेथे सल्ल्याचे शुल्क पडू शकते. काय खाल्ले, अंदाजे किती, कधी आणि जनावराचे वजन किती, हे चार तपशील तयार ठेवावेत. औषधाचे वेष्टन किंवा फुलाचे छायाचित्र रुग्णालयात सोबत न्यावे.